सी फॉर्म भरला, असं मी म्हणाले

जळगावात पिंप्राळ्यातल्या आमच्या घराची वरची खोली आम्ही एका परदेशी मुलीला भाड्यानं दिली, तेव्हा घरात मी आणि सासूबाई दोघीच होतो. ती पूर्व आफ्रिकेतून शिकायला आलेली. शेवटचं वर्ष होतं, आणि हॉस्टेल सोडून ती आमच्याकडे आली होती. मला मावशी म्हणायची. आमचं बोलणं दोघींच्या मोडक्या हिंदीत चालायचं.

परदेशी माणूस राहायला आला की घरमालकानं चोवीस तासांत सी फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, हे तिनंच मला पहिल्या दिवशी सांगितलं. संध्याकाळी मी लॅपटॉप उघडून बसले. फॉर्म घराच्या मालकाची माहिती मागत होता. आमचं लाइट बिल अजून सासऱ्यांच्या नावावर, आणि ते जाऊन सहा वर्षं झालेली. उगाच पोलिसांकडे आपल्या घराची नोंद कशाला, असंही वाटलं. मी लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात तिनं विचारलं, "मावशी, फॉर्म हो गया?"

"हो गया," मी म्हणाले.

मार्चमध्ये तिचा व्हिसा संपत होता. परीक्षा मे महिन्यात. तिनं मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला, पण तो परत आला. या पत्त्यावर तिच्या राहण्याची नोंदच नव्हती. कागद हातात घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी पोळी लाटत होते. लाटणं हातातच राहिलं.

"मैंने भरा नहीं था," मी सांगितलं.

"फिर हो गया क्यों बोला?"

ती वर निघून गेली.

मी तिला घेऊन पोलिसांच्या परदेशी नागरिक कक्षात गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्याकडून उशिराचा खुलासा लिहून घेतला, फॉर्म कसा भरायचा तेही दाखवलं. मग त्या तिला हिंदीत समजावत म्हणाल्या, "अर्ज आता नव्यानं जाईल. वेळ लागेल. तोपर्यंत देशाबाहेर गेलीस, तर या व्हिसावर परत येता येणार नाही."

तिच्या भावाचं लग्न एप्रिलमध्ये होतं. गेली असती तर परीक्षा बुडाली असती, राहिली तर लग्न. ती राहिली.

एप्रिलचं जळगाव. वरची पत्र्याची खोली दुपारी भट्टीसारखी तापायची. मी तिला खाली कूलरजवळ बसायला बोलवायचे, ती "ठीक है मावशी" म्हणून वरच थांबायची. रोज कॉलेज, खोली, आणि मोबाइलवर अर्जाची स्थिती बघणं. मला जिना चढायचं धाडस होत नव्हतं. वरून तिच्या पावलांचा आवाज आला की मी कान टवकारायचे, आणि थांबला तरी टवकारायचे. माझ्याच घरात मला बसवत नव्हतं.

"पोर घर का बरं जात नही?" सासूबाईंनी त्यांच्या अहिराणीत विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिनी माय तठे वाट दखत व्हई." तिची आई तिकडे वाट बघत असेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी ती आपणहून खाली आली. लग्नासाठी इथंच शिवून घेतलेला पिवळा झगा घातला होता. वर नेट चालत नव्हतं. आम्ही तिघी खाटेवर बसलो, तिचा मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून. तिकडे कुणीतरी फोन आडवा धरलेला, त्यामुळे नवरानवरी कुशीवर झोपल्यासारखे दिसत होते. मध्येच लाइट गेली, वायफाय गेलं. मी घाईघाईनं माझ्या मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं. चित्र परत आलं तेव्हा तिची आई एकदम जवळ आली होती आणि काहीतरी म्हणत होती. मला भाषा कळत नव्हती. सासूबाईंनी पडद्यावरच्या आईला हात जोडले. मी मात्र खाली बघत होते.

मुदतवाढ अकरा दिवसांनी आली.

परीक्षा देऊन जूनमध्ये ती गेली. स्टेशनवर तिनं पासपोर्ट, मुदतवाढीचा कागद, तिकीट स्वतःच तीनदा तपासलं. सासूबाईंच्या गळ्यात पडून रडली. माझ्याकडे वळून म्हणाली, "चलती हूँ मावशी, आप ठीक रहना." गाडी हलली तरी मी तिला माफ कर म्हणू शकले नाही. ते दोन दिवसांनी, ती पोहोचल्याचा मेसेज आल्यावर, लिहून पाठवलं. तिनं ते वाचलं. उत्तर अजून आलेलं नाही.