लाल चिठ्ठीचा खल

मी तोंडाची फटकळ, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वहिनी अगदी उलट. तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला खिळा उपसण्यासारखं. बावीस वर्षं आम्ही एकाच पत्र्याच्या शेडमध्ये काम केलं. खोदकामात सापडलेल्या वस्तू ती धुवायची आणि मी त्यांच्यावर नंबर घालायची. वाळलेल्या दगडावर आधी पारदर्शक नेलपॉलिशचा ठिपका, त्यावर काळ्या शाईनं बारीक नंबर, वर पुन्हा नेलपॉलिश. बाटली आणायला गेले की दुकानदार माझ्या नखांकडं बघायचा. मी म्हणायची, "बघतोस काय मेल्या, दगडांना लावते."

वहिनीची एक पद्धत होती. हातानं वापरायची वस्तू असली, म्हणजे धार लावायचा दगड, कातडं घासायचा दगड, की ती आधी मुठीत धरून बघायची. दगड कुठं झिजलाय त्यावर तिची बोटं आपली जागा शोधत. "डावखुरा होता," ती म्हणायची. किंवा, "ह्याला करंगळी नव्हती." मोठ्या मॅडम, म्हणजे खोदकामाच्या प्रमुख, सुरुवातीला हसायच्या. पुढं वही उघडून लिहून घ्यायला लागल्या. चौथीच्या पुढं शाळा न बघितलेल्या माझ्या वहिनीचा शब्द छापील अहवालात गेला. तिचा मला केवढा अभिमान वाटायचा!

माझा दादा तिचा नवरा. सख्खी बहीण असूनही त्याच्याबद्दल बरं काही मला आठवत नाही. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी त्यानं तिचं उजवं मनगट पिरगाळून मोडलं. ते पुढं कधी सरळ बसलंच नाही. मी तेव्हा पलीकडच्या खोलीत होते आणि बाहेर आले नाही. लाज वाटते, पण खरं आहे ते आहे.

मग एके दुपारी वहिनी मला म्हणाली, "वन्सं, आज मैत्रिणीकडंच जेवा. उशिरा या." परत आले तर दादा ओकून ओकून पडलेला. उजाडेपर्यंत गेलाच. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, अन्नातून बाधा. वहिनी त्या दिवशी जेवलीच नव्हती. मी भाजीवाल्याला सतरा प्रश्न विचारणारी बाई, पण हा एक प्रश्न मला विचारता आला नाही. माझं लग्न जमलं नाही. आम्ही दोघीच राहिलो आणि मी रोज तिच्या हातचं जेवत राहिले.

गेल्या वर्षी टेकडीच्या पायथ्याशी सातशे वर्षांपूर्वीचं एक घर निघालं. मधे चूल आणि चुलीभोवती पाच सांगाडे, त्यातला एक लहान मुलाचा. ज्याच्या त्याच्या पुढ्यात दगडी वाडगा. पळापळीची खूण नाही, झटापटीची नाही, घर जळलेलंही नाही. सहावा वाडगा कोपऱ्यात पालथा घातलेला, त्याच्या शेजारी खल आणि बत्ता. सहावं माणूस कुठंच नव्हतं.

"घ्या! बाईनं सगळ्यांना जेवू घातलं आणि पोबारा केला," मुकादम म्हणाला. त्याला कुणी विचारलं होतं? पण झालं, त्या दिवसापासून खड्ड्यावरचे सगळे तिला चेटकीण म्हणायला लागले. मॅडमनी मात्र दटावलं. "अंदाज नकोत. खलाच्या खाचांत जे अडकलंय ते प्रयोगशाळेत जाईल. विष असेल तर कळेल, नसेल तर बिचारीच्या नावावरचा डाग तरी जाईल." खल आणि बत्ता पिशवीत घालून त्यांनी स्वतः लाल चिठ्ठी लावली. लाल चिठ्ठी म्हणजे धुवू नये. गुरुवारी चारला प्रयोगशाळेची गाडी येणार होती.

सोमवारी वहिनीनं हातमोजा घालून तो बत्ता हातात घेतला. दगड एका अंगाला तिरका झिजला होता. मी धरून बघितला, निसटला. मॅडमनी धरला, त्यांच्याही हातून निसटला. वहिनीच्या मुठीत मात्र तो गप बसला. तिचं वाकडं मनगट जसं वळतं, तसाच तो झिजला होता.

"हिचं मनगट मोडलेलं होतं," ती म्हणाली. मग बत्ता मुठीत फिरवून म्हणाली, "नीट बसलं नव्हतं, वन्सं."

मॅडम वहीत लिहीत होत्या आणि मी वहिनीच्या तोंडाकडं बघत होते. तिथं काहीच नव्हतं.

त्यानंतरचे तीन दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. ती घरी ओट्यापाशी उभी राहिली की तिची रिकामी मूठ वरखाली व्हायची. तिचं तिला भान नसायचं. हातात काही नाही, समोर काही नाही, आणि मला मात्र स्पष्ट ऐकू यायचं, दगडावर दगड. एकदा मी ओरडले, "वहिनी, बंद कर ते!" ती वळली आणि म्हणाली, "काय बंद करू?" आवाज थांबला नव्हता.

गुरुवारी दुपारी शेडमध्ये आम्ही दोघीच होतो. मी नंबर घालत होते. मान वर केली तर लाल चिठ्ठी फरशीवर आणि खल टबात. वहिनी ब्रश घेऊन एकेक खाच घासत होती, डोळे कुठंतरी लांब. पाणी आधी दुधाळ झालं, मग करडं. बत्ता धुऊन वर्तमानपत्रावर ठेवलेलाही होता.

मला वाटलं, कळलं. ही त्या बाईला वाचवतेय. मी हाक मारली नाही. तिनं खल बाहेर काढला तशी मी उठले, टब उचलला आणि मोरीत उपडा केला. वरून दोन बादल्या पाणी सोडलं. आमच्या कामात धुतलेलं पाणी कधी असं टाकत नाहीत. गाळ बसू देतात, गाळातूनही तपास होतो. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ओतलं.

मॅडम आल्या आणि मटकन स्टुलावर बसल्या. "बावीस वर्षं झाली तुम्हाला! बरं, गाळ? गाळ तरी ठेवला असेल?"

"ओतला, मॅडम," मी म्हटलं. "सवयीनं."

वहिनीनं चमकून माझ्याकडं बघितलं. माझ्या हातून असली चूक होणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? मॅडमनी वहिनीला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. अहवालात आता लिहिलंय की नमुना नष्ट झाला, विषप्रयोगाची दाट शंका आहे आणि सहाव्या व्यक्तीवर संशय आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर तिनं चप्पलसुद्धा काढली नाही. दारातच विचारलं, "गाळ का ओतलात?"

"तुझ्यासाठी," मी म्हटलं. आणि मग वीस वर्षं घशात अडकलेलं सगळं बाहेर पडलं. दादा, ती दुपार, तिचं न जेवणं. "मी कधी कुणाला बोलले नाही, वहिनी. बोलणारही नाही."

ती भिंतीला धरून खाली बसली.

"तुमचा दादा त्या दिवशी सकाळपासून पिऊन होता. तुमच्यावर हात टाकेल म्हणून तुम्हाला घालवलं. बाहेरून काय खाऊन आला होता देव जाणे. माझं ताट त्यानं भिंतीवर भिरकावलं, म्हणून मी जेवले नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आज माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पिशवी कधी उघडली, ब्रश कधी घेतला, काही कळलं नाही. गाळ बसेल, तो देऊ, असं मनात म्हणत होते. वन्सं, मला तपासणी हवी होती हो! मला वाटत होतं, ती बाई सुटेल."

मी खाली वाकून तिच्या पायातल्या चपला काढल्या. खरं सांगत होती? मला आजही ठामपणे सांगता येत नाही, आणि ते तिला दिसतं.

त्या दिवसापासून ती माझं ताट वाढते आणि माझ्यासमोर ठेवण्याआधी त्यातला पहिला घास स्वतः खाते. मी नको म्हणते, हात जोडते. ती ऐकत नाही.