काकूंचं तत्त्व

काकूंना काकू हे नाव वर्गात पहिल्याच दिवशी चिकटलं. बाकीची पोरं-पोरी बाविशी-तेविशीतली, आणि या चाळिशी ओलांडून समाजकार्यात एम.ए. करायला निघालेल्या, तेही मानवी हक्क हा खास विषय घेऊन. पहिल्या तासाला त्या दारातून आत आल्या तेव्हा मॅडमच आल्या असं वाटून अर्धा वर्ग उठून उभा राहिला. या मॅडम नव्हेत, आपल्यातल्याच आहेत हे कळल्यावर जो हशा पिकला, त्यात काकूही मनापासून हसल्या. तिथवर सगळं छान होतं.

त्याआधी कित्येक वर्षं त्या एका मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसत होत्या. डॉक्टर लोक बायाबापड्यांवर खेकसायचे, आया त्यांना ढकलायच्या, आणि काकूंच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. पण खिडकीवरच्या बाईचं ऐकतो कोण? आपल्याला बोलता आलं पाहिजे, आणि बोललेलं चार लोकांनी ऐकून घ्यावं अशी पदवी गाठीला पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात तिथेच बसलं.

नवऱ्याचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस थट्टेखोर. "घरातले सगळे हक्क आधीच तुझ्याकडे आहेत," तो म्हणाला, "आता आणखी कुठले शिकायला निघालीस?" पण संध्याकाळी दुकान लवकर बंद करून भाजी तोच करपवायचा, आणि लेकीला ती निमूट खायला लावायचा. काकूंना अभ्यासाला बसता यावं म्हणून.

शिकवणाऱ्या मॅडम मोठ्या तळमळीच्या होत्या. त्यांचं एक वाक्य काकूंना फार भावलं. "कुणाच्याही वतीने बोलू नका," मॅडम म्हणायच्या. "ज्याचा प्रश्न आहे त्याला बोलतं करा आणि आपण मागे सरका. आपण बोललो की त्या माणसाचं तोंड कायमचं बंद होतं." काकूंनी हे घरी येऊन नवऱ्याला ऐकवलं. तो पंख्याचं पातं पुसत होता. "म्हणजे भांडण लावून द्यायचं आणि आपण बाजूला उभं राहायचं," तो म्हणाला. काकू चिडल्या. तुला काही कळत नाही, म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षी फील्डवर्कसाठी त्यांना निराधार बायकांचं एक वसतिगृह मिळालं. लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना लोखंडी खाटा, खाटेखाली जिची तिची पेटी. मधल्या दालनात शिलाई मशीन, त्यावर बायका दवाखान्यांच्या चादरी शिवायच्या. मागच्या अंगाला न्हाणीघरं. आणि या न्हाणीघरांच्या दारांना आतून कडी नव्हती.

कधीकाळी एक बाई आतून कडी लावून आंघोळीला बसली आणि तिला चक्कर आली. दार फोडून तिला बाहेर काढावं लागलं. तिला काही झालं नाही, पण अधीक्षिकाबाईंनी सुताराला बोलावून सगळ्या कड्या उपटून टाकल्या. सुरक्षेसाठी म्हणे. मग बायकांनी आपली एक तऱ्हा काढली. जी आत असेल तिने अधूनमधून तांब्या बादलीवर आपटायचा. ठण्ण वाजलं की बाहेरच्यांनी समजायचं, आत माणूस आहे. साबण लावताना ठण्ण, डोक्यावर पाणी घेताना ठण्ण. नवीन आलेल्या बाईला खाट दाखवायच्या आधी हे सांगायच्या. सकाळभर मागून कासाराच्या आळीत राहिल्यासारखा आवाज यायचा.

तिथे एक बाई होती, साठीला टेकलेली. सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांना उठवायची, म्हणून तिला कोतवाल म्हणत. जीभ तिखट, पण कुणी आजारी पडलं की उशाशी तीच बसलेली असायची. एका दुपारी पाण्याचा पंप बिघडला आणि दुरुस्तीवाला आला. पाइप न्हाणीघरातून जात होता. कोतवाल आत आंघोळ करत होती. चाहूल लागली तशी ती जोरजोरात बादली वाजवायला लागली. त्या बिचाऱ्याला ही तऱ्हा काय माहीत? त्याला वाटलं, आत कुणीतरी अडकलंय आणि मदतीला बोलावतंय. तो धावत गेला आणि त्याने दार सताड उघडलं.

त्या दिवशी कोतवाल जेवली नाही. दुरुस्तीवालाही लाजेने काळाठिक्कर पडून पंप तसाच टाकून पळाला. त्याचा तरी काय दोष?

काकू तिच्या खाटेवर जाऊन बसल्या. "मावशी, आडोसा हा तुमचा हक्क आहे," त्या म्हणाल्या. "ही काही मेहेरबानी नाही. विश्वस्तांची बैठक आहे, तिथे हे बोललं पाहिजे."

"मग बोला ना तुम्ही, ताई. तुम्ही शिकलेल्या."

"मी बोलून उपयोग नाही. हक्क तुमचा, बोलायचं तुम्ही."

कोतवाल खाटेवरची चादर सारखी करायला लागली. "मला इथून काढलं तर मी कुठं जाऊ?" तिने विचारलं. "भावाने दार लावलंय. मुलगा फोन उचलत नाही. ही खाट आहे तेवढीच आहे माझी."

"असं कसं काढतील? मी आहे ना."

हे तीन शब्द काकू अगदी सहज बोलून गेल्या. त्यांना ते खरेच वाटत होते. मग दोघींनी मिळून तयारी केली. काकू विश्वस्त व्हायच्या, नाकावर चष्मा ओढून "काय अडचण आहे बाई?" विचारायच्या, कोतवाल उभी राहून सांगायची. बाकीच्या बायका चादरी शिवता शिवता हसायच्या. कोतवालीला हळूहळू उत्साह चढला. आपल्याला बोलता येतं, याचंच तिला नवल वाटत होतं, आणि काकूंचा ऊर अभिमानाने भरून येत होता.

बैठकीच्या आदल्या दिवशी अधीक्षिकाबाईंनी काकूंना चहाला बोलावलं. गोड बोलायच्या त्या. "आमच्याकडे समुपदेशकाची जागा निघतेय," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखी पोक्त बाई हवीय. बाकी तुमच्या फील्डवर्कवर शेरा मलाच द्यायचाय, तो चांगलाच देणार. उद्या काही भलतंसलतं निघणार नाही ना?"

"बायका काही विचारतील तर विचारतील," काकू कसंबसं म्हणाल्या. घरी नवऱ्याला त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

बैठक जेवणाच्या दालनात भरली. टेबलावर चादर अंथरली होती, बायकांनीच शिवलेली. समोर विश्वस्त, बाजूला अधीक्षिकाबाई, मागे विद्यार्थिनीचं काम बघायला आलेल्या मॅडम. काकू भिंतीला लागून उभ्या. अध्यक्षांनी कुणाला काही सांगायचं आहे का विचारलं आणि कोतवाल उभी राहिली.

काय बोलली हो ती! पंपवाल्याचं सांगितलं, कुणालाही दोष न देता. बादली वाजवायचं सांगितलं. "दाराला आतून कडी द्या, एवढंच मागणं आहे," ती म्हणाली. "आत बसून आम्ही काही राज्य करणार नाही, आंघोळच करणार आहोत." बायका खुदकन हसल्या. अध्यक्षही हसले. क्षणभर वाटलं, झालं काम.

मग अधीक्षिकाबाईंनी हळूच विचारलं, "ही सगळ्यांची मागणी आहे, की तुमची एकटीची?"

बायकांकडे बघितलं तर सगळ्यांच्या माना खाली. कालपर्यंत हसणाऱ्या त्या बायका. त्यांना तरी काय म्हणायचं, प्रत्येकीची एकच खाट होती.

"आणि हे तुम्हाला कुणी पढवलंय?"

कोतवालीने काकूंकडे बघितलं. तक्रारीने नाही. दोघींनी मिळून जड पेटी उचलावी आणि दुसरीने धरलंय ना हे बघून घ्यावं, तसं. अध्यक्षांची नजर तिच्या नजरेमागून काकूंवर आली. "तुम्ही विद्यार्थिनी ना? तुमचं काय म्हणणं आहे?"

काकूंनी खिडकीवर बसून ज्या क्षणाची वाट बघितली होती तो हाच. चार लोक ऐकायला बसले होते, आणि त्यांनी स्वतःहून विचारलं होतं.

"सर, प्रश्न त्यांचा आहे," काकू म्हणाल्या. "त्यांच्या वतीने बोलणं आमच्या तत्त्वात बसत नाही."

मागे मॅडमनी पसंतीची मान हलवली. तत्त्व खोटं नव्हतं, हेच तर संतापजनक आहे. चांगलं खणखणीत तत्त्व. कुठल्याही परीक्षेत पूर्ण गुण मिळतील असं. पण काकूंना कुणी कोतवालीच्या वतीने बोलायला सांगत नव्हतं. आपल्या वतीने बोला, एवढंच विचारलं होतं. तेवढ्यालाही त्यांनी शेपूट घातलं, आणि वर तत्त्वाची शाल पांघरली.

कोतवाल अजून उभीच होती. "मला कुणी पढवलेलं नाही," ती म्हणाली. "माझं डोकं मला आहे." आणि खाली बसली. काकूंचं नाव तिने घेतलं नाही.

तो आठवडा संपायच्या आत तिची बदली झाली. इथली शिस्त बिघडवते म्हणून दूरच्या दुसऱ्या वसतिगृहात. काकू वर्गात तास ऐकत होत्या तेव्हा तिला पेटीसकट गाडीत बसवलं. काकू आल्या तेव्हा खाटेवर दुसरी बाई घड्या घालत होती. त्यांनी दुसऱ्या वसतिगृहाला फोन लावला. तिथे म्हणाले, आमच्याकडे जागाच नव्हती, आम्ही गाडी परत पाठवली. मग काकू अधीक्षिकाबाईंकडे धावल्या.

"त्या वाटेत स्वतःहून उतरल्या," अधीक्षिकाबाई शांतपणे म्हणाल्या. "सज्ञान बाई आहे, त्यांचा निर्णय त्यांनी घेतला. आपण थोडाच लादू शकतो? हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही तर हेच शिकताय."

यावर काकूंना बोलता आलं असतं. पुन्हा नाही बोलल्या. शेरा अजून मिळायचा होता.

शेरा उत्तम मिळाला. तोंडी परीक्षेत मॅडमनी तर बाहेरच्या परीक्षकांना मुद्दाम सांगितलं, की कार्यकर्त्याने मागे कसं सरकावं याचा हा नमुना आहे. काकू पहिल्या वर्गात पास झाल्या. पुढे एक देणगीदार वसतिगृह बघायला येणार होता, त्याच्या आधी सुताराला बोलावून सगळ्या दारांना कड्या बसवल्या. संस्थेने त्या सुधारणेचे फोटो काढले. आणि काकू तिथेच समुपदेशक म्हणून रुजू झाल्या. नवऱ्याने दुकानात पेढे वाटायचे म्हटलं, तर त्याच्या अंगावर ओरडल्या. तो बिचारा आ वासून बघतच राहिला.

कोतवालीचा शोध त्यांनी सोडला नव्हता, हे मात्र कबूल केलं पाहिजे. शेवटी वसतिगृहातल्याच एकीने सांगितलं, ती मोठ्या बसस्थानकावर आहे. काकू सकाळी कामावर जाताना तिथे उतरल्या. कोतवाल बायकांच्या संडासाबाहेरचा पॅसेज झाडत होती. पूर्वीपेक्षा निम्मी झाली होती. सामानाच्या खोलीच्या मागे आडोसा होता, तिथे रात्री पडू देतात म्हणाली.

"नोकरी लागली का ताई?"

"लागली."

"चांगलं झालं. घरचे बरे आहेत?"

"बरे आहेत. मावशी, चला माझ्याबरोबर. मी बोलते आता सगळ्यांशी."

"आता काय बोलता," कोतवाल म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काकूंना सोसला असता. "एक विचारू? त्या दिवशी तुम्ही घाबरलात ना?"

काकूंनी खांद्यावरची पिशवी सारखी केली.

"आदल्या दिवशी सांगायचं होतंत. मावशी, मला भीती वाटतेय, एवढंच म्हणायचं. मी काय तुम्हाला खाल्लं असतं? मी पण घाबरलेच होते. दोघी गप्प बसलो असतो. कडी मिळाली नसती, पण माझी खाट राहिली असती." तिने झाडू भिंतीला टेकवला. "घाबरलात ना?"

हो, एवढं एकच म्हणायचं होतं. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

"तसं नव्हतं हो मावशी," काकू म्हणाल्या. "ते तत्त्व होतं."

कोतवालीने मान डोलावली. "बरं," म्हणाली. "जा तुम्ही, कामाला उशीर होईल." आणि झाडू उचलून ती पुढचा पॅसेज झाडायला लागली.