मागाचा पाय

वडगावच्या अण्णांचा उजवा पाय कधी स्वस्थ बसला नाही. जेवताना, बँकेच्या रांगेत, लग्नात अक्षता टाकताना, आपला खाली-वर चालूच. जन्मभर हातमागावर साड्या विणल्या. माग चालवायच्या पायाखालच्या पावड्या सुटल्या तरी पाय काही थांबेना. त्यांची बायको, आमच्या काकू, चिडल्या की अण्णा म्हणायचे, "त्यो माझा न्हाय गं, मागाचा हाय."

त्या पायाला एकच लगाम होता. विणताना धागा तुटला की माग थांबवून तो जोडावा लागतो. त्यामुळे कुणी "धागा तुटला!" म्हटलं की अण्णांचा पाय जागीच थिजायचा, आणि "जुळला" ऐकल्याशिवाय हलत नसे. शेजारच्या आम्ही पोरी उगाच ओरडून त्यांना ताटकळत ठेवायचो. ते मात्र कधी रागावले नाहीत.

पुढे अण्णांच्या हृदयाची झडप आवळत गेली. चार पावलांत धाप लागायची. छाती उघडायला ते तयार नव्हते आणि त्या वयात डॉक्टरही. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप नेऊन जुनीच्या आतच बसवायची सोय पूर्वी बेंगळुरू-मुंबईलाच होती. मी नर्स होते त्या बेळगावच्या हॉस्पिटलात ती नुकतीच आली होती.

"जुनं न काढता नवं जोडत्यात व्हय? मग मला भ्या न्हाय," अण्णा म्हणाले. भ्यायले होतेच, माझा हात सोडत नव्हते.

भूल हलकीच दिली होती. मांडीतून सरकवलेली तार हृदयापर्यंत पोचली, झडप उघडायची वेळ आली आणि चादरीखाली पाय हलला. "पाय धरा!" डॉक्टर ओरडले. दोघांनी धरला, तरी चालूच. झडप जरा जरी सरकली असती तर अण्णा तिथेच संपले असते. काही सुचेना, आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "अण्णा, धागा तुटलाय!"

पाय थांबला. समोरच्या पडद्यावर झडप उघडली आणि नीट बसली.

संध्याकाळी पाय हलवायची परवानगी मिळाली, तरी अण्णा ताठच. डॉक्टर घाबरून तळव्याला टोचून बघू लागले. अण्णा माझ्याकडे बघत पुटपुटले, "जुळला म्हणून सांगितलीस कुठं?" मला हसू आणि रडू एकदमच आलं.

त्यानंतर ते चांगले जगले. उचगावच्या देवीला स्वतः पायऱ्या चढून आले. गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं. मी पोचले तेव्हा काकू उशाशी बसल्या होत्या आणि अण्णांचे दोन्ही पाय सरळ होते. कानाशी वाकून म्हटलं, "अण्णा, जुळला."

आणि वेड्यासारखी त्या पायाकडे बघत राहिले.