कोट आठवा

थोरली सून शिवणकाम करायची ते तुकड्यातुकड्यांनी. दूध वर येईपर्यंत चार बटणं, सासऱ्यांच्या पाठीखालची पिशवी गरम असेपर्यंत दोन काजं, मुलगी पाढे म्हणत असताना एखादी हेम. सलग तास असा बारा वर्षांत वाट्याला आला नव्हता. तरी एकाही गिऱ्हाइकाला तिनं हेलपाटा घालायला लावला नव्हता.

धाकटा दीर वेळेच्या नियोजनावर व्याख्यानं देई. एकदा बँकेतली एक बाई मापाला उभी राहिली आणि हसतच सुटली. कालच्या व्याख्यात्यानं काय गंमत सांगितली म्हणे: त्याच्या घरात एक शिंपीण आहे, दिवसभर घाण्याच्या बैलासारखी फिरते आणि संध्याकाळी पाहावं तर हातात अर्धी बाही. एक काम धरून तडीस न्यायचं तिला माहीतच नाही. अख्खं सभागृह हसलं होतं. ती शिंपीण कोण, हे बाईला ठाऊक नव्हतं. थोरलीनं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून बाईच्या कमरेला लावल्या. मापात सुताचा फरक पडू दिला नाही.

आठवड्यानं दीर कापड घेऊन आला. गुरुवारी मोठी सभा होती, नवा कोट हवा होता. घरचंच काम, मधेमधे उरकून टाका, म्हणाला.

"मधेमधे नाही हो भाऊजी. आता तुमच्या पद्धतीनं करते. एक संपल्याशिवाय दुसरं नाही."

दीर खूश झाला. तिनं त्याच्यादेखत यादी लिहून भिंतीला लावली. कोट आठवा होता. त्यानं वाचली, मान डोलावली; आठव्याची पाळी कधी येणार, हे विचारायचं त्या वेळेच्या जाणकाराला सुचलं नाही.

मग तिनं रोज दोन तास दार लावून घेतलं. बाहेर दूध उतू गेलं, ते दिरानं पुसलं. सासऱ्यांची पिशवी भरताना त्याचाच हात पोळला. आत काम निम्मंच होत होतं, हे तिला कळत होतं. हात कामांमधल्या फटींतच शिकले होते. मनात आणलं असतं तर दूध तापता तापता कोट उभा राहिला असता. हे कळून तिला फार बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी दीर दारात आला. आवाज खाली आला होता.

"वहिनी, निदान आजच्यापुरतं तरी."

"सहावं चाललंय. अर्धी बाही हातात राहिली तर लोक हसतात, भाऊजी."

त्याला कळलं. तो काहीतरी पुटपुटला, बहुधा माफीचंच. मशीनच्या आवाजातूनही तिला ते ऐकू आलं. तिनं पाय थांबवला नाही. तो कोपरं झिजलेला जुना कोट घालून गेला.

शनिवारी कोटाची पाळी आली. तिनं तो जीव ओतून शिवला. दिराच्या खांद्यावर असा बसला की तो आरशापुढून हलेना.

"गुरुवारी हवा होता," तो शेवटी म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली आणि नववं कापड उलगडायला लागली.