जेट्टीवरचा कॅमेरा आणि माझं थोबाड

किस्से सुकटीसारखे. जितके वाळतात तितका वास मारतात! आमच्या जेट्टीवर पोलिसांनी तोंड ओळखणारा कॅमेरा बसवला आणि एका मोसमात टोपलीभर जमले.

पहिल्या दिवशी त्याला एकही तोंड दिसलं नाही. उन्हापायी सगळ्यांची तोंडं फडक्यात! हवालदार ओरडला, "तोंडं दाखवा!" म्हावरं विकणारी हिरा म्हणाली, "सूनमुख बघाचं हाय काय? मग आधी साडी आन!"

*

मग फोटो काढायला आले. "आपापलं कार्ड धरून उभे राहा." आमच्या होडीची सगळी कार्डं बिस्किटाच्या डब्यात, भिजू नयेत म्हणून. ज्याच्या हाताला जे आलं ते धरलं! तेव्हापासून मशीन माझं थोबाड बघून सांगतं, "धर्मा, वय बत्तीस." धर्मा हिराचा नवरा, माझा खलाशी. मी होडीचा तांडेल, म्हणजे कप्तान, पासष्टचा. तक्रार कशाला करू?

*

जेट्टीवर एका पुढाऱ्याचा बॅनर लागला. मशीनने नोंद केली, पुढारी आठ दिवस जेट्टीवर हजर! हवालदारच म्हणाला, "मशीन बिघडलं."

*

हसू आटलं ते शेजारच्या बंदरातून होडीचं इंजिन चोरीला गेलं तेव्हा. तिथल्या कॅमेऱ्यात आलेलं चोराचं तोंड मशीनने धर्माच्या नावाशी जुळवलं. धर्माला ठाण्यावर नेला. दोन महिन्यांची मासेमारीबंदी संपलेली, दुसऱ्या दिवशी होड्या निघणार!

हिराने ठाण्यात जाऊन फौजदार मॅडमची स्क्रीन बघितली. चोराशेजारी माझा फोटो, खाली नाव धर्माचं.

"ह्यो माझा नवरा? मॅडम, ह्यो तर आमचा खडूस तांडेल!"

धर्मा सुटला, मी आत! आणि तांडेलाशिवाय होडी निघते कशी?

*

सकाळी हिरा अख्खी जेट्टी घेऊन ठाण्यात. "मॅडम, चोर बघा कसा दात काढून हसतोय. ह्या म्हाताऱ्याला हसताना कुनी बघितलाय काय?"

"न्हाय!"

माझा सख्खा भाऊ सगळ्यांच्या वर, "जन्मात न्हाय!"

मीही फौजदार मॅडमना सुनावलं, "माझं तोंड माझं हाय. घेतलंत तर कशाला घेतलंत ते सांगा. न्हायतर पुसा!"

वाटलं, आता बसते कानाखाली. मॅडम वयाने पोर, पण सगळं लिहून घेतलं. "बरोबर आहे, आजोबा." आमचे सगळे फोटो समोर बसून पुसायला लावले, मशीनमध्ये चोराचा तेवढा राहिला. "जा, भरती निघून जाईल."

दारात धर्मा माझी पिशवी घेऊन उभा. मला हसू फुटलं. ठाण्याच्या दारावरही तसलाच कॅमेरा, त्याने बोंब मारली, चोर सापडला!

मॅडम उठल्या. स्टूल ओढलं, वर चढल्या, वायर उपटली.

"हसा आता."