पंपाचा पट्टा

कपाशी फवारताना मला विषबाधा झाली, त्या हंगामात आर्णीकडचे आम्ही बरेच जण दवाखान्यात होतो. मी वाचलो, पण झोप गेली. डोळा लागला की तेच स्वप्न पडायचं. पाठीवरचा पंप गळतोय, पट्टा निघत नाही, आणि दिसेनासं होतंय. मी ओरडत उठायचो.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते स्वप्न मला आत्ता सांगा. फक्त शेवट तुम्हाला हवा तसा करा."

"सपन का आपल्या हातात असते, बाई?"

"जागेपणी तर असतं ना? रोज घोकायचं."

मी सांगायला लागलो. पट्ट्यापाशी आलो आणि पुढे काही सुचेना. शेजारी बसलेली बायको एकदम म्हणाली, "मले हाक मारा न! विळ्यानं कापून टाकीन तो पट्टा."

मग रोज दुपारी आम्ही दोघं तेच घोकत बसलो. कित्येक आठवडे काही फरक पडला नाही. उलट घोकतानाच घाम फुटायचा. एकदा मात्र स्वप्नात मी खरंच तिला हाक मारली, आणि ती कपाशीतून धावत आली.

ते स्वप्न अजूनही अधूनमधून पडतं. पण आता मी कूस बदलून पुन्हा झोपतो.