पुण्याचा हलवा

"हे घालून हलव," काकू म्हणाल्या आणि प्लास्टिकचे पातळ हातमोजे माझ्या पुढ्यात टाकले.

कळंबचं बागायतदाराचं घर. काकूंच्या नव्या सुनेची पहिली संक्रांत. तिच्या दागिन्यांसाठी हलवा करायला मला घोडेगावहून बोलावलेलं. मंद शेगडीवर परात, परातीत खसखस, वरून चमचा चमचा साखरेचा पाक. बोटांनी हलवत राहायचं, तेव्हा कुठे दाण्याला काटा फुटतो. गुलाबी, पिवळा, हिरवा. बोटं भाजतात, त्याला इलाज नाही.

वाटलं, स्वच्छतेसाठी सांगत असतील. पण शेजारी त्यांची जाऊ उघड्या हातानं दुसरी परात हलवत होती. मधूनच बोट चाटत होती. मी विचारलं, त्यांना मोजे नकोत का?

"ती घरातली हाय. तुमी डोंगराकडली माणसं. बायका इचारत्यात, कुणाच्या हातचं म्हणून."

अंगाची लाहीलाही झाली. त्यात ते प्लास्टिक तापून परातीला चिकटायला लागलं. काकू आत गेल्या तसे मी मोजे काढले आणि माझ्या परातीतला सगळा हलवा उघड्या बोटांनी केला. चोरून. काम माझं, आणि मीच चोर.

संक्रांतीला हळदीकुंकू. काळ्या साडीत सून हलव्यानं मढलेली. हार, बाजूबंद, बांगड्या, सगळं मी ओवलेलं. दोरा तुटला तर हाताशी असावी म्हणून मला मागच्या दारात उभं केलं होतं. बायका हलवा तोंडात टाकत लई कौतुक करत होत्या. काकूंनी सांगितलं, पुण्याहून मागवलाय. मग माझ्याकडे आल्या. हात लागू नये म्हणून वरूनच माझ्या तळव्यावर तिळगूळ टाकला.

"घे. आन गोड बोल."

डोकंच फिरलं माझं. आमची माणसं आजवर गोडच बोलत आली. मी सरळ आत गेले आणि तिळगूळ त्यांच्या ताटात परत ठेवला.

"ह्यो हलवा पुण्याचा न्हाई. म्या केलाय. उघड्या हातानं."

एका बाईनं तोंडातला दाणा रुमालात काढला, सगळ्यांदेखत. सुनेनं गळ्यातला हार चाचपला आणि मान फिरवली. मला वाटलं होतं, खरं कळल्यावर कुणाला तरी लाज वाटेल. नाही वाटली.

आता घोडेगावात मी स्वतःचा हलवा विकते. पाकिटावर माझं नाव, खाली माझ्या डोंगरातल्या गावाचं. परवा एका मोठ्या घरचा माणूस आला. हलवा चांगलाय म्हणाला, फक्त पाकीट बिननावाचं द्या.

"नावाबिगर मिळायचा न्हाई," मी सांगितलं.

तो गेला. आणखी कितीही जाऊ देत, नाव निघणार नाही.